तळपायाला टिचकी

पुणे,
२ जुलै १९६४

चि. सौ. अरुंधतीस,
रजनीचे अ. उ. आ.

परवा तुम्हा तिघांना लोणावळ्याच्या गाडीत बसवून परत आले आणि सवयीने वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिले. पेटी रिकामी नव्हती. तुझ्या लेकीच्या जागी वराळ्याच्या एका बाईचं मूल आलेलं होतं. तेही सातव्या महिन्यातलंच. बाया नावाची ती पोरगेली आई काचेला नाक लावून उभी होती, अगदी तू उभी राहायचीस तशी.

तुला घरी पाठवण्याची घाई झाली असं तुझ्या मनात आलं असेल. चार पौंडांवर वजन गेलं, दूध तोंडाने प्यायला लागली, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली हे खरं. पण त्यांच्या मागे लागले ती मीच. पावसाळ्यात वॉर्डात एका मुलाला जुलाब लागले की सगळ्यांना लागतात. घरी, तुझ्याजवळ, ती जास्त सुखरूप राहील असं मला वाटलं. ते बरोबर होतं हे तुझ्या पत्रांतून मला कळू दे.

सांगितलेलं पुन्हा लिहिते. दर दोन तासांनी दूध, झोपली असली तरी. खोली ऊबदार हवी, वाऱ्याची झुळूकही नको. लोणावळ्याचा पाऊस मला माहीत आहे, भिंतीतूनसुद्धा आत येतो. खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवून घे. बघायला येणाऱ्यांना उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लाव. मंडळी रागावली तर माझं नाव सांग. नणंद म्हणून माझं नाव तसंही कुठे चांगलं असणार!

आणि ती टिचकी. अपुऱ्या दिवसांची मुलं झोपेत श्वास घ्यायचं विसरतात, दूध पिता पिता निपचित होतात. तेव्हा तळपायाला बोटाने टिचकी मारायची. वॉर्डात तू ते एकदाही केलं नाहीस. मी तुझा हात धरला तर तू तो ओढून घेतलास आणि इतक्याशा जिवाला मारायचं कसं, असं म्हणालीस. अगं, ते मारणं नव्हे, ती हाक आहे. दूर गेलेल्याला आपण हाक मारतो ना, तशी. नुसत्या आवाजाने ती जागी होत नाही, तळपायाने होते. हे तुला जमलंच पाहिजे.

आईला नमस्कार. गंगाधरला म्हणावं, शाळेतून आल्यावर आधी हात धू आणि मग लेकीचं कौतुक कर. पत्राची वाट बघते आहे, एवढ्यावरून माझा लोभ ओळख.

तुझी,
रजनी

*

लोणावळा, भांगरवाडी,
५ जुलै १९६४

ती. वन्सं यांस,
अरुंधतीचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोहोचलो. गाडीत ह्यांनी कोट काढून खिडकीला धरला तो लोणावळा येईपर्यंत. हात भरून आला तरी खाली केला नाही. समोरच्या गृहस्थांनी गाठोड्यात काय आहे म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, काचेचं सामान आहे. वर तोंडावर हसूसुद्धा नाही.

दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, पण लांबूनच. ओवाळून झाल्यावर त्या मागे सरल्या. मला वाटलं होतं, त्या पुढे होतील आणि तिला घेतील. रुखवतासारखं नुसतं बघून त्या आत गेल्या. तिला त्या धोंडी म्हणतात. दृष्ट लागू नये म्हणून म्हणत असतील हे कळतं, तरी कानाला बरं वाटत नाही.

औंढ्याहून चिमाबाई आल्या होत्या, मालिश-अंघोळीसाठी. आळीतली निम्मी मुलं त्यांच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली, तुम्हालाही ठाऊक आहेतच. मी दुपटं बाजूला केलं, तर त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, “न्हाई बया. ह्याला हात लावायचा तर माजंच हात थरथरत्यात. जरा अंगानं भरू द्या, मग बघू.” आता त्या रोज येतात, बाहेरचं पाणी तापवतात, धुणं धुतात आणि दारातूनच तिला बघून जातात.

वन्सं, तुमच्याशी खोटं बोलत नाही. ती माझी आहे असं मला अजून वाटत नाही. महिनाभर तिला तुम्ही उचललं, तुम्ही पुसलं, तुम्ही पाजलं. मी काचेबाहेर होते. आता तिचा लंगोट बदलतानाही मी मनातल्या मनात तुमची परवानगी घेते. माझी आई असती तर तिने मला हसून ह्यातून काढलं असतं. टिचकी माझ्याने होत नाही. दूध पिता पिता ती थांबली की मी ह्यांना हाक मारते, आणि हे शाळेत असले तर सासूबाईंना. त्या तोंड दुसरीकडे करून टिचकी मारतात.

एक विचारायचं होतं. बाराव्या दिवशी ती पेटीत होती, म्हणून बारसं राहिलं. नाव ठेवायचा मान आत्याचा. तुम्ही काय नाव योजलं आहे? वॉर्डातही मी विचारलं होतं, तेव्हा तुम्हाला कोणीतरी बोलावलं आणि ते तिथेच राहिलं.

माझं काही चुकत असेल तर रागवा, पण लिहा.

आपली,
अरुंधती

*

लोणावळा,
७ जुलै

चि. रजनीस आईचे अनेक आशीर्वाद.

तू तिकडे बसून फर्माने सोडतेस आणि इकडे माझ्या घराची दवाखान्यासारखी गत झाली. खिडक्यांना कागद लागले. मला माझ्याच घरात हात धुऊन फिरावं लागतं. शेजारच्या रतनबाई झबलं घेऊन आल्या, त्यांना अरुंधतीने दारातूनच नमस्कार केला. उद्या त्या माझ्याशी बोलतील का, ते बघायचं.

आठ दिवस झाले, सूर्य नाही. लंगोट वाळत नाहीत. दोरीवर घातले की जास्तच ओले होतात. तेव्हा मी खोलीत शेगडी ठेवली. बाळंतिणीला शेक मिळतो आणि पोरीलाही ऊब. तूच म्हणालीस ना, ऊबदार हवी. शेगडीवर पालथं घालायला चिमाबाईने गावाहून डालं आणलं, कोंबड्या झाकायचं. मी तीन वेळा धुऊन घेतलं, वर गोमूत्र शिंपडलं, तरी अजून मला त्यात कोंबडी दिसते. गंगाधर म्हणतो, सकाळी अंडं मिळालं तर कुणाला सांगू नका.

थट्टा पुरे. तुला एक विचारते. पोर उचलली की हातात काही आहे असं वाटत नाही, म्हणून मी उचलत नाही. माया लावायची का नाही, ते मला ठरवायचं आहे. तू इतकी मुलं बघितलीस. ही राहील का? लिहायचं नसेल तर लिहू नकोस, मी समजेन.

प्रकृतीस जप. दोन वेळा जेवतेस का?

आई

*

पुणे,
९ जुलै १९६४

चि. सौ. अरुंधतीस,
रजनीचे अ. उ. आ.

तुझं आणि आईचं, दोन्ही पत्रं मिळाली. दोघींनी मला एकच प्रश्न विचारला आहे. आईने सरळ विचारला, तू नावाच्या आडून.

तेव्हा सरळच लिहिते. वॉर्डात आम्ही मुलांना नावाने हाक मारत नाही. तो नियम कुणी लिहिलेला नाही. नवीन आलेली मुलगी आठ-पंधरा दिवस मुलांना नावं ठेवते, मग एक दिवस एक पेटी रिकामी होते आणि त्यानंतर ती नावं ठेवणं बंद करते. मीही तशीच शिकले. घरी गेलेली पुष्कळ मुलं वाढतात. काही परत येतात. काही परतही येत नाहीत, कुणीतरी नातेवाईक कागद न्यायला येतो. तुझी लेक कोणत्या बाजूची, ते आज मला सांगता येत नाही. अजून महिना-दीड महिना तिने काढला तर सांगेन. आईला म्हणावं, मला खरंच माहीत नाही. माहीत असून लपवत नाही.

तू मला वॉर्डात नाव विचारलंस, तेव्हा मला कुणीही बोलावलं नव्हतं.

हे वाचून तू रडशील, पण मला कठोर समजू नकोस. मी आत्या आहे हे मला रोज आठवतं. आठवतं म्हणूनच नाव सुचत नाही.

तोवर कामाचं बोलू. शेगडी ठेवली ते बरंच झालं. आमच्याकडे गरम पाण्याच्या बाटल्या असतात, तुमच्याकडे एवढं गरम पाणी सतत कोण देणार? फक्त ठिणगी उडणार नाही असं बघ आणि दुपटी डाल्यावरून शेगडीत पडू देऊ नकोस. खिडक्या मात्र उघडू नका. परवा इथे एक मूल फक्त एका रात्रीच्या गारठ्याने पुन्हा आणलं.

आणि टिचकी. आई तोंड फिरवून मारते, गंगाधर शाळेत असतो. तू का नाही? माझी परवानगी घेत असशील, तर ही घे, लेखी दिली.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
रजनी

*

लोणावळा,
११ जुलै १९६४

ती. वन्सं यांस,
अरुंधतीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडले, पण रागावले नाही. खरं लिहिलंत म्हणून मला उलट बळ आलं. नावाचा विषय मी पुन्हा काढणार नाही.

आता चांगली बातमी. खोली छान बसली आहे. फटींना कागद होतेच, काल सासूबाईंनी दाराखालच्या फटीत जुनी गोधडी घातली. माझं कपाळ सारखं दुखतं, वारा लागतो आहे असं त्यांचं म्हणणं. शेगडी दिवसभर असते आणि डाल्यावर एका वेळी बरेच लंगोट वाळतात. भिंतीवरची ओल आत तरी कमी झाली. ह्या घराला तुमच्या जुन्या घरासारखी उघडी कौलं नाहीत, वर फळ्यांची तक्तपोशी आहे, म्हणून ऊब टिकते.

बाळही निवांत झाली. आधी किती किरकिर करायची, आता रडत नाही. पाजायला उठवावं लागतं. काल दुपारी एका टिचकीने उठली नाही, ह्यांना दोन-तीनदा माराव्या लागल्या. दूध मात्र थोडं कमी घेते. झोप लागणं हे अंग धरण्याचं लक्षण, असं रतनबाई दारातून सांगून गेल्या. तुम्हाला काय वाटतं?

हे शाळेला सुट्टी म्हणून आज दिवसभर खोलीत बसून तिसरीच्या वह्या तपासत होते. संध्याकाळी उठले तर त्यांना भोवळ आली. मुलांचं शुद्धलेखन वाचून कुणालाही येईल, असं म्हणाले. माझ्याही पायांत जीव नसल्यासारखं वाटतं. बाळंतपणाचा अशक्तपणा असेल.

बाया आणि तिच्या मुलाचं कसं चाललं आहे? तिला सांगा, काच फार दिवस मध्ये राहत नाही.

आपली मायेची,
अरुंधती

*

पुणे,
१३ जुलै १९६४, दुपार

अरुंधती,

मायना लिहीत बसत नाही. हे पत्र पोहोचण्याआधी माझी तार पोहोचली असेल, असावी. नसेल, तर हे इथपर्यंत वाच, कागद खाली ठेव आणि शेगडी खोलीबाहेर काढ. खिडक्यांचे कागद फाड. बाळाला घेऊन तू बाहेर ये. मग पुढचं वाच.

कोळशाच्या धगीतून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धुरासारखा तो डोळ्यांत जात नाही. उघड्या कौलांतून तो निघून जातो. बंद खोलीत साठतो. थंडीत शेगडी घेऊन कोंडून झोपलेले पहारेकरी आमच्याकडे आणतात, ते मी पाहिले आहेत. कपाळ दुखणं, भोवळ, पायांतला जीव जाणं, आणि न उठणारी झोप. तू प्रत्येक खूण लिहिलीस, चांगली बातमी म्हणून लिहिलीस.

आईची शेगडी आणि माझ्या बंद खिडक्या. दोन्ही एकेकट्या असत्या तर चालल्या असत्या. आईला बोल लावू नकोस. शेगडी बरी झाली असं मीच लिहिलं. आमच्या वॉर्डात शेगडी नसते, म्हणून घरी ती कुठल्या खोलीत जळेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तार करून स्टेशनवर गेले. कामशेतजवळ रुळांवर पाणी आहे, गाड्या सोडत नाहीत. मोटारी जातात का ते विचारते आहे. ती निपचित असेल तर तोंडाला तोंड लावून हळूच फुंकर घाल, वॉर्डात मी करायचे तशी. आणि टिचकी मार. तू मार.

रजनी

*

लोणावळा,
१४ जुलै

चि. रजनीस आईचे अनेक आशीर्वाद.

पोर बरी आहे. हे आधी लिहायला अरुंधतीने सांगितलं. बाकीचं मग.

काल सकाळी गंगाधर शाळेत गेला होता आणि मी देवापुढे बसले होते. खोलीचं दार उघडलं. अरुंधती भिंतीला धरून बाहेर आली, एका हातात पोर. मला वाटलं मोरीत जाते आहे. तर तिने मागच्या पडवीचं दार उघडलं आणि सरळ पडवीत जाऊन उभी राहिली. पाऊस आडवा येत होता. मागे इंद्रायणी दुथडी, तिच्या आवाजात माझं ओरडणं बुडून गेलं. मी म्हणाले, ओली बाळंतीण तू, पोर सव्वाचार पौंडाची, वेड लागलं का तुला? चिमाबाई पाण्याचा हंडा टाकून धावली, “आवं वयनीबाय, वारं लागंल लेकराला,” म्हणत दुपट्याला हात घालायला गेली. अरुंधतीने तिचा हात झटकला. आजवर तिने या घरात भांडं आपटलेलं नाही, आणि हात झटकला.

तिने दुपट्यातून पोरीचा पाय काढला आणि तळपायाला टिचकी मारली. पोर हलली नाही. पुन्हा मारली. रजनी, मी तिथे उभी होते पण या वेळी तोंड फिरवता आलं नाही. पोरीची मान एका बाजूला पडली होती. अरुंधतीने तिच्या तोंडात हळूच फुंकर घातली, टिचकी मारली, मग तिला नावाने हाक मारली. नुसती मारली नाही, नदीपलीकडच्या माणसाला मारावी तशी मारली. रतनबाई छत्रीसुद्धा न घेता अंगणात आल्या. पुन्हा टिचकी, पुन्हा हाक. आणि पोर रडली.

चिमाबाई म्हणाली, “रडू द्या, रडू द्या. लय ग्वाड रडतीया.”

मग अरुंधती पडवीच्या कोपऱ्यात ओकली आणि तिचे पाय गेले. पोर तेव्हा माझ्या हातात आली. द्यायला दुसरं कोणी नव्हतं. तेव्हापासून ती माझ्याचजवळ आहे, पाजायपुरती देते. डॉक्टर येऊन छाती तपासून गेले. दोघींना मोकळ्या हवेत ठेवा म्हणाले.

संध्याकाळी तारवाला आला. तार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तूच आलीस, पुण्यात एकटी. मी उंबऱ्यावरच हंबरडा फोडला, मला बघून रतनबाईंनी फोडला. तारवाला बिचारा टोपी काढून उभा राहिला. गंगाधरने कागद उघडला आणि मोठ्याने वाचलं, “शेगडी बाहेर काढा. खिडक्या उघडा. रजनी.” तारवाला म्हणाला, मास्तर, इतकी वर्षं तारा वाटतो, पण शेगडीची तार पहिलीच. टोपी घालून चहा पिऊन गेला.

माझ्या चार बाळंतपणांत खाटेखाली शेगडी होती. मला काय ठाऊक. डालं आता पडवीत आहे, शेगडीही पडवीत. लंगोट धुरकट वास मारतात, मारू देत.

नाव काय घेतलं, ते मी लिहीत नाही. तो तिचा आणि तुझा प्रश्न. मला ते नाव पसंत नाही, एवढं सांगून ठेवते.

आई

*

लोणावळा,
१५ जुलै १९६४

ती. वन्सं यांस,
अरुंधतीचा सा. न. वि. वि.

तुमची तार आणि पत्र, दोन्ही मिळाली. सासूबाईंनी सगळं लिहिलं आहे म्हणतात, तरी थोडं राहिलं असेल ते लिहिते.

मला वायूबियू काही कळलं नव्हतं. माझं कपाळ दुखायचं ते खोलीतून मोरीत गेलं की थांबायचं, परत आलं की सुरू. दोन दिवस हे चाललं होतं. परवा सकाळी मोरीतून परत आले, पाळण्याशी बसले आणि मनात आलं, माझं डोकं दुखलं तर मी सांगते. तिचं दुखत असेल तर ती कुणाला सांगणार? तिच्याकडे बघितलं. ती झोपली नव्हती. झोपलेल्या मुलाची मूठ बंद असते, तिची उघडी पडली होती. खिडक्या बंद ठेवा हे तुमचं सांगणं आठवलं, बाहेर पाऊल टाकू नको हे सासूबाईंचं आठवलं, आणि पाय पडवीकडे गेले. कुणाला विचारायचं, हे त्या वेळी सुचलंच नाही. तुम्हालाही विचारलं नाही. रागावू नका.

तुम्ही म्हणाला होतात, टिचकी ही हाक असते. मी दोनदा मारली. मग वाटलं, हाक आहे तर ती कुणाला मारते आहे मी? बाळ म्हणून मारली तर आळीतलं कुठलंही बाळ ओ देईल. धोंडी म्हणून मारवेना. समोर नदी होती, दुसरं काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. मी तिला इंद्रायणी म्हणून हाक मारली. तिने ओ दिली.

वन्सं, तुमचा मान मी घेतला. तुम्ही नाव ठेवायला तयार नव्हता ते का, हे मला समजलं होतं, मान्यही होतं. पण हाक मारायला नाव लागतं. तुम्हाला परत देते आहे. तुम्ही या आणि तिच्या कानात दुसरं नाव सांगा, आम्ही तेच चालवू.

सासूबाईंना नदीचं नाव नको आहे. म्हणतात, बापाच्या नावात गंगा, वर ही इंद्रायणी, आता माझ्या घरात कोरडं काय राहणार? आणि उन्हाळ्यात ही नदी आटते, हेही ऐकवतात. पण परवापासून धोंडी म्हणणं बंद आहे. आज दुपारी मी दारामागे उभी होते. त्या तिला मांडीवर घेऊन सांगत होत्या, “इंदूबाई, प्या आता, तुमची आत्या तार करील.”

दूध आता एका वेळी सगळं घेते. रडते तर आळीभर ऐकू येतं. चिमाबाईंनी अजून अंगाला हात लावलेला नाही, पण काल तेलाचं एक बोट तळपायाला लावून गेल्या. हे शाळेतून आले की आधी पाळण्याशी न जाता शेगडी कुठे आहे ते बघतात.

कपाळ आता दुखत नाही. या. गाड्या सुरू झाल्या आहेत.

आपली लेकीसारखी,
अरुंधती

*

पुणे,
१८ जुलै १९६४

चि. इंद्रायणीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईला, बापाला, आजीला मी पुष्कळ पत्रं लिहिली, तुला आजपर्यंत लिहिलं नाही. लिहायचं तर वर नाव घालावं लागलं असतं. आज घातलं.

तू जगशील का, हे तुझ्या आजीने मला विचारलं होतं. मी तिला माहीत नाही म्हणाले. आजही मला माहीत नाही, आणि महिनाभर तरी मी भीतच राहणार आहे. तू दूध सांडलंस, शिंकलीस, कशानेही भिणार आहे. पण नाव पुढचं ठरल्यावर घ्यायचं नसतं, हाक मारायची वेळ आली की घ्यायचं असतं, हे इतकी वर्षं या वॉर्डात काढून मला तुझ्या आईने शिकवलं. तिला हे सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

वराळ्याची बाया पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन घरी निघणार. मी नेहमीसारखं दूध, ऊब, टिचकी सगळं सांगत होते आणि मध्येच थांबले. तिला विचारलं, पावसात लंगोट कुठं वाळवणार? ती म्हणाली, “शेगडीवर, आनि कुटं?” मग आम्ही दोघी खाली बसलो आणि तिच्या घराची दारं-खिडक्या तिने मला बोटाने फरशीवर काढून दाखवल्या. आता घरी निघालेल्या प्रत्येक आईला मी आधी हे विचारते. तुझी आई तिला भेटायला वराळ्याला जाईल का, ते विचारून ठेव. काच मध्ये राहत नाही, हे तिने माझ्या तोंडून न ऐकता तिच्या तोंडून ऐकलेलं बरं.

रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. आजीला म्हणावं, पाळणा सजव, घुगऱ्या भिजत घाल, रतनबाईंना उंबऱ्याच्या आत बोलव. तुझ्या कानात मी नाव सांगेन. दुसरं नाव माझ्याजवळ नाही, शोधलंही नाही. एकदा तू ज्या नावाला ओ दिलीस तेच सांगेन. नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत सगळ्या जणी धपाटे घालतात. चिमाबाईला सांग, तुझ्या अंगाला हात लावायला ती भिते, पण माझ्या पाठीला भिऊ नकोस म्हणावं.

झोपलीस तर मूठ बंद ठेव.

तुझ्या लोभाची वाट बघणारी,
रजनीआत्या